पडून राहिलेल्या यंत्राचा मालक कोण?

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी या वेळेला आम्ही कर्जाचे हप्ते, शेळीपालन, पापड-मसाल्याचा धंदा यांवर बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यातलं आपल्या कामाचं काय? विषय आहे कॉलेजच्या, विद्यापीठाच्या आवारातल्या किरणोत्सर्गी वस्तू आणि त्यांच्यापासूनची सुरक्षितता.

कामाचं आहे, आणि ते कसं ते आधी सांगतो. आपल्या बीड जिल्ह्यात आमच्या गटांतल्या कितीतरी बाया शाळा-कॉलेजांत आणि दवाखान्यांत झाडलोट करतात. कुणी कॉलेजची खानावळ चालवते, कुणी भंगार गोळा करते. ऊसतोडीला जायचं नाही म्हणून ज्यांनी गावातच धंदा धरला, त्यांच्यातल्या काहींचं पोट या भंगारावर आहे. आणि आपल्या पोरी आता बारावी सायन्स करून अंबाजोगाईला, बीडला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. प्रयोगशाळेत शिकणारी आपली, तीच प्रयोगशाळा झाडणारी आपली, आणि तिथलं मोडकं सामान उचलणारीही आपलीच. म्हणून हा विषय आपला.

किरणोत्सर्ग म्हणजे काय, ते थोडक्यात. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यातून सतत किरणं बाहेर पडतात. ही किरणं दिसत नाहीत, त्यांना वास नाही, हाताला चटका बसत नाही. थोडी किरणं निसर्गातच आहेत, जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला रोज मिळतात. त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण एकाच वेळी फार मोठ्या प्रमाणात मिळाली, तर कातडी भाजते, उलट्या-जुलाब होतात, केस गळतात, रक्तातल्या पेशी कमी होतात आणि माणूस दगावतोही.

आता इथे एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र विजेवर चालतं. बटण बंद केलं की किरणं बंद. रात्री बंद खोली झाडायला गेलात तर त्या यंत्रातून काही बाहेर येत नाही. पण कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ यांसारखा किरणोत्सर्गी पदार्थ ज्या यंत्रात ठेवलेला असतो, त्याला बटणच नाही. वीज नसली, खोलीला कुलूप असलं, यंत्र वीस वर्षं वापरलं नाही, तरी आतला पदार्थ आपलं काम करतच राहतो. जाड शिशाच्या कवचात तो बंद आहे तोवर ठीक. कवच फुटलं की संपलं.

असं कवच फुटल्याची गोष्ट आपल्याच देशात घडली आहे, आणि ती विद्यापीठाच्या आवारातून सुरू झाली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गॅमासेल’ नावाचं एक यंत्र होतं. १९७० च्या सुमारास कॅनडाहून आणलेलं. पदार्थांवर किरणं सोडून प्रयोग करायचे, त्यासाठी ते होतं. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या, बाहेर शिशाचं जाडजूड कवच. १९८५ नंतर ते कुणी वापरलं नाही. हाताळणारे प्राध्यापक निवृत्त झाले. यंत्र खोलीत पडून राहिलं. पंचवीस वर्षांनी, म्हणजे २०१० च्या फेब्रुवारीत, विभागातलं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात हेही गेलं.

ते पोचलं पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात. भंगाराच्या धंद्यात शिशाला भाव असतो, हे आपल्या बायांना सांगायला नको. तिथल्या कामगारांनी कवच तोडलं. आतल्या कांड्या बाहेर आल्या, त्यांचे तुकडे झाले, ते दोन-चार दुकानांत पांगले. एकाने तर एक तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. काही दिवसांत माणसं आजारी पडू लागली. कातडी काळी पडली, केस गळले. एप्रिल उजाडला तेव्हा कुठे दवाखान्यातल्या डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं. मग भाभा अणुसंशोधन केंद्राची आणि नरोरा अणुवीज केंद्राची माणसं आली, मोजणीची यंत्रं घेऊन दुकान न दुकान तपासलं, तुकडे शोधून शिशाच्या पेटाऱ्यात भरून नेले. तोवर व्हायचं ते झालं होतं. भंगार दुकानातला एक कामगार २६ एप्रिलला वारला. आणखी सात जणांना इजा झाली.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर कोबाल्ट-६० ची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते. शंभर रुपयांचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, असं होत होत चाळीस वर्षांत शंभर रुपयांतला एक रुपयासुद्धा शिल्लक राहत नाही. त्या यंत्रात उरला होता तो असा रुपयाच्या आतला भाग. तेवढ्याने एक माणूस गेला. ‘जुनं झालंय, आता त्यात काय राहिलंय’ असं जो म्हणेल, त्याला हा हिशेब सांगा.

दुसरी गोष्ट फार लांबची, ब्राझील देशातल्या गोयानिया शहराची. पण तिच्यात एक बाई आहे, म्हणून सांगतो. तिथल्या एका खासगी कॅन्सर दवाखान्याने जागा बदलली आणि किरण उपचाराचं जुनं यंत्र पडक्या इमारतीत तसंच सोडलं. १९८७ च्या सप्टेंबरात दोघांनी भंगारासाठी ते फोडलं आणि भंगारवाल्याला विकलं. आत सिझियमची भुकटी होती. अंधारात ती निळसर चमकायची. भंगारवाल्याला वाटलं, काही तरी मौल्यवान वस्तू सापडली. त्याने ती शेजारी-पाजारी, नातेवाइकांत थोडी थोडी वाटली. एका सहा वर्षांच्या पोरीने तिच्याशी खेळून त्याच हाताने जेवण केलं.

घरातली माणसं एकापाठोपाठ एक आजारी पडू लागली. डॉक्टरांना काही उमगेना. तेव्हा त्या भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं की ही वस्तू घरात आल्यापासून हे सुरू झालंय. तिने उरलेलं सगळं पिशवीत भरवून घेतलं आणि बसने थेट आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेऊन ठेवलं. त्यानंतर सगळा प्रकार उघडकीला आला. एक लाखाहून जास्त लोकांना तपासलं गेलं, त्यातल्या सुमारे अडीचशे जणांच्या अंगावर किंवा अंगात तो पदार्थ सापडला. चौघांचा जीव गेला. त्यात ती लहान पोर होती आणि ती बाईसुद्धा. तिने वेळेवर संशय घेतला नसता तर किती लोक गेले असते कोण जाणे. अशी वस्तू पिशवीत घालून न्यायची नसते, हे आज आपल्याला माहीत आहे. तिला सांगणारं कुणी नव्हतं.

या दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडलेलं नव्हतं. बिघडला होता तो मालकीचा हिशेब. यंत्र आणलं कुणी, वापरतंय कोण, ते माणूस गेल्यावर कुणाच्या ताब्यात, आणि काम संपल्यावर परत कुठे पाठवायचं, या चार प्रश्नांची उत्तरं कुणी लिहून ठेवली नव्हती. दिल्लीच्या प्रकरणात पुढे विद्यापीठाच्या कुलगुरूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारली. पण नैतिक जबाबदारी नंतर स्वीकारून मेलेला माणूस परत येत नाही. नोंदवहीतली एक ओळ वेळेवर वाचली असती तर तो जगला असता.

आपल्या गटात अध्यक्ष बदलते तेव्हा आपण काय करतो? पेटी, पासबुक, इतिवृत्ताची वही, सगळं नव्या बाईच्या ताब्यात देतो आणि सही घेतो. जुनी अध्यक्ष सासरी गेली म्हणून पेटी रस्त्यावर ठेवत नाही. विद्यापीठानेही हेच करायचं असतं, आणि आपल्या देशात तसा नियम आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरणोत्सर्गी पदार्थ आणायचा तर त्याची नियमाप्रमाणे परवानगी लागते. त्यासाठी शिकलेला, मान्यता असलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. प्रत्येक वस्तूची नोंद, कुलूपबंद जागा, दारावर खूण, वेळोवेळी मोजणी, आणि काम संपलं की ती वस्तू पुरवठादाराकडे किंवा ठरवून दिलेल्या सरकारी ठिकाणी परवानगी घेऊनच परत पाठवणं. भंगारात देणं हा मार्गच नाही.

तिथे काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, म्हणजे कुणाला किती किरणं मिळाली ते कळतं. आपल्याकडे मर्यादा ठरलेली आहे. किरणांच्या कामातल्या माणसाला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि सामान्य माणसाला फक्त १. आता झाडलोट करणाऱ्या मावशी कुठल्या रांगेत? त्यांना बिल्ला नाही, प्रशिक्षण नाही, म्हणजे त्या सामान्य माणसात मोडतात. त्यांच्यासाठी मर्यादा १ चीच. म्हणून किरणोत्सर्गी वस्तूच्या खोलीत मावशींना एकटीला झाडायला पाठवायचं नसतं. ‘या खोलीत काय आहे?’ असं विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

आमच्या एका गटाचं उदाहरण सांगतो. त्या बायांनी एका कॉलेजचं जुनं सामान लिलावात घ्यायचं ठरवलं. बाकं, पंखे, लोखंडी कपाटं आणि प्रयोगशाळेचं निर्लेखित सामान, असा एकत्र ढीग होता. गटातून पस्तीस हजारांचं कर्ज उचलायचं होतं. बैठकीत एक जण म्हणाली, ‘कपाटं-बाकं दिसतात, पण प्रयोगशाळेच्या ढिगात काय काय आहे? यादी कुठंय?’ दुसरी म्हणाली, ‘विचारत बसलो तर दुसरा भंगारवाला उचलून नेईल.’ दोघींचंही खरं होतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी ठराव झाला की यादी मिळाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

कार्यालयात पहिलं उत्तर मिळालं, ‘भंगार ते भंगार, त्याची कसली यादी?’ बायांनी लेखी अर्ज दिला. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या. एक, जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे वस्तूंची यादी. दोन, यात किरणोत्सर्गी पदार्थ, पारा, आम्ल किंवा विषारी रसायन नाही असं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. तीन, बंद डबे आणि बाटल्या विभागाने स्वतः आधी बाजूला काढाव्यात. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत बायांच्या जिवाला घोर लागला होता, माल हातचा जातो की काय म्हणून. पण पत्र देताना विभागाला ढीग उपसावा लागला, आणि त्यातून चिठ्ठ्या फाटलेल्या जुन्या रसायनांच्या बाटल्या निघाल्या. त्या विभागाने ठेवून घेतल्या. जुन्या रसायनशाळांत युरेनियमचे आणि थोरियमचे क्षारसुद्धा थोडे थोडे सापडतात. त्या बाटल्यांत काय होतं ते विभागाने तपासायचं, आपण झाकण उघडून हुंगून नव्हे. बायांना मग फक्त लाकूड-लोखंड मिळालं. नफा ठरवला होता त्याहून कमी झाला, पण कर्ज फिटलं आणि सगळ्या धडधाकट आहेत.

आता खुणा सांगतो. पेन असेल तर लिहून घ्या. पिवळ्या पाटीवर मधोमध एक ठिपका आणि त्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखी तीन पाती, ही किरणोत्सर्गाची जगभरची खूण. दुसरी खूण २००७ साली आली. लाल त्रिकोण, त्यात वरती तीन पाती आणि बाहेर पडणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ही मोठ्या धोक्याच्या वस्तूवर असते, आणि तिचा अर्थ ‘उघडू नका, लांब पळा’ एवढाच. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावी म्हणूनच ती काढली आहे. पण खूण खरवडलेली, गंजलेलीही असू शकते. म्हणून आकाराच्या मानाने फारच जड असलेला, शिशाचं कवच असलेला, चारही बाजूंनी बंद केलेला डबा किंवा पिंप दिसलं, तरी सावध व्हा.

असं काही दिसलं तर काय करायचं? हात लावायचा नाही, उघडायचं नाही, घरी न्यायचं नाही, खिशात किंवा ओच्यात तर मुळीच घालायचं नाही. पोरांना आणि इतरांना लांब करायचं. चुलीची धग आठवा. चुलीजवळ कमी वेळ बसलं तर कमी धग लागते, लांब सरकलं तर कमी लागते, मध्ये भिंत असली तर आणखी कमी. किरणांचंही तसंच. वेळ, अंतर आणि आडोसा, हे तीन शब्द पाठ करा. अंतर दुप्पट केलं तर मारा चौथाईवर येतो, म्हणून चार पावलं मागे सरणं हाच पहिला उपाय.

मग ११२ नंबरवर फोन करा आणि ‘किरणोत्सर्गी वस्तू असल्याचा संशय आहे’ असं स्पष्ट सांगा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षालाही कळवा. वस्तू कुठून आली आणि कुणाकुणाचा हात लागला, त्यांची नावं लिहून ठेवा. हात लागला असेल तर साबण-पाण्याने नीट धुवा, अंगावरचे कपडे काढून वेगळ्या पिशवीत बांधून लांब ठेवा, आणि डॉक्टरांना झालेलं सगळं सांगा. मायापुरीत डॉक्टरांना संशय यायला दिवस गेले. आपण तोंडाने सांगितलं तर तेवढे दिवस वाचतील.

आता उलट बाजूही सांगायला हवी. कारण अर्धवट ऐकून भीती पसरली तर तीही नुकसान करते. आमच्या बैठकांत तीन प्रश्न हटकून येतात.

पहिला, एक्स-रे काढावा का? डॉक्टरांनी सांगितला तर काढावा. छातीच्या एका एक्स-रेत मिळणारी किरणं म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतात तेवढीच. क्षयरोगाच्या तपासणीचा एक्स-रे भीतीपोटी टाळला तर घरभर आजार पसरेल. मात्र गरोदर असाल, किंवा पाळी चुकली असेल, तर खोलीत जाण्याआधीच सांगा. लाजू नका. लेकराला धरायला आत जावं लागलं तर शिशाचा एप्रन मागा, आणि गरोदर बाईने धरायला जाऊच नये. दारावरचा लाल दिवा लागला असेल तर आत डोकावायचं नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जिल्हाभरातून बाया जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. सीटी स्कॅनमध्ये किरणं कितीतरी जास्त असतात, म्हणून तो गरजेलाच करायचा असतो.

दुसरा, सोनोग्राफीने बाळाला किरणं लागतात का? नाही. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो.

तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, कानात विचारतात. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात किंवा संभाजीनगरला जाऊन किरणांचे उपचार घेऊन आलेल्या बाईला घरात वेगळं ठेवावं का? बाहेरून यंत्राने किरणं दिली असतील तर तिच्या अंगात काहीही शिल्लक राहत नाही. तिच्या ताटात जेवा, तिच्याजवळ झोपा, लेकरू तिच्या मांडीवर द्या. पोटात औषध देऊन केलेल्या काही उपचारांत थोडे दिवस पथ्य असतं, ते डॉक्टर स्वतः सांगतात. त्याशिवाय जी बाई एवढ्या दुखण्यातून उठली तिला वेगळी चूल मांडायला लावणं, हे आजारापेक्षा वाईट आहे.

आणि किरणं शेतालाही उपयोगाची आहेत. बियाण्यावर किरणं सोडून भाभा केंद्राने नवे वाण काढले, त्यातला टीएयू-१ उडीद महाराष्ट्रात खूप पेरला गेला. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यावर किरणं सोडणारं केंद्र २००२ पासून आहे, त्याने कांद्याला मोड येत नाहीत. त्या उडदात किंवा कांद्यात किरणं राहत नाहीत. म्हणजे ही विद्या वाईट नाही. आपल्या पोरींनी ती जरूर शिकावी, सुरक्षा अधिकारी व्हावं, बिल्ला लावून ताठ मानेने काम करावं. पण विद्या जिथे शिकवतात तिथे पसारा आवरायचीही शिस्त हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहा. ज्या बाया कॉलेजात किंवा दवाखान्यात कामाला आहेत, त्यांची नावं काढा. त्या-त्या ठिकाणी अर्ज द्या, की कुठल्या खोल्यांत काय आहे ते आम्हाला दाखवा, आणि तीन पात्यांची खूण असलेल्या खोलीत आम्हाला एकटीला पाठवू नका. भंगाराचा धंदा करणाऱ्या बायांनी यादी आणि सहीचं पत्र घेतल्याशिवाय संस्थेचा माल उचलू नये. पोरींना सांगा, तुमच्या विभागात कुलूप लावलेलं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याची चावी कुणाकडे आहे ते सरांना विचारा.

तुमचे अनुभव आणि प्रश्न आपल्या गटाच्या ताईंकडे लिहून द्या, पुढच्या वेळी आम्ही त्यांवर बोलू. आता स्वयंपाकाची वेळ झाली, निरोप घेतो. नमस्कार.